अंगण सामाईक, छप्पर आमचं

गोव्यात गाडी लावायला जागा नाही, असं म्हटलं की कोल्हापूरची माझी माणसं हसतात. शनिवारी संध्याकाळी पणजीच्या अठरा जून रस्त्यावर जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. त्यांनी पाहिलंय ते फोंड्याजवळचं आमचं घर. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे तांबड्या मातीचं ऐसपैस अंगण, मधोमध तुळशीवृंदावन, पलीकडे माड. दहा गाड्या आरामात उभ्या राहतील आणि वर क्रिकेटही खेळता येईल, एवढी जागा. हे सगळं असताना आम्ही जुन्या गोठ्याच्या जागी केलेल्या गॅरेजमध्ये गाडीवर गाडी ठेवायची लिफ्ट बसवली. माझ्या भावाने फोटो बघून विचारलं, "पैसे जास्त झालेत का?"

झाले नव्हते. अडचण अशी होती की अंगण आमचं नाही. म्हणजे आमचंही आहे.

हे समजायला मला लग्नानंतर बराच काळ लागला. आमच्याकडे, म्हणजे घाटावर, घराची वाटणी म्हणजे भावाभावांतलं भांडण. बहिणींनी हक्कसोड करून द्यायची आणि माहेरची साडी घ्यायची, ही रीत. गोव्यात मात्र १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा वाटा मुलाइतकाच. बापाला वाटलं म्हणून पोराला बेदखल करता येत नाही. मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीवच राहते. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मिळकत सामाईक. स्थावराचा व्यवहार करायचा तर नवऱ्याच्या आतेच्या सहीबरोबर आतेच्या यजमानांचीही सही लागते. आमच्या लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयात आधी इरादा जाहीर केल्याची सही आणि मग काही दिवसांनी लग्न पक्कं केल्याची सही, अशा दोन खेपा झाल्या, तेव्हा मला ती नुसती कागदी कटकट वाटली होती. त्या सह्यांनी मी एका अंगणाची भागीदार झाले, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

कायदा न्याय्य आहे, यात मला शंका नाही. कोल्हापूरला माझ्या आत्यांनी काय सोडून दिलं ते मी पाहिलंय. पण न्याय्य कायदा आणि तीन पिढ्या न झालेली वाटणी एकत्र आली की सातबाऱ्याच्या जागी इथे जो एक-चौदाचा उतारा असतो, त्याच्यावर नावांची जत्रा भरते. अंगणात पत्र्याची एक शेड घालायची तरी बेळगावचे, बोरीवलीचे, एक तर लिस्बनला गेलेल्या चुलत नणंदेचे, सगळे होकार हवेत. कुणाचाच नकार नसतो. होकारही नसतो. "बघूया की चवथीला" असं म्हणतात, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी येते, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या होतात, चवथ जाते.

आणि गाड्या वाढत राहतात. गोव्यात माणसांपेक्षा वाहनं जास्त असं गमतीने म्हणतात, पण आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, उभं राहिलं तर ते खरंच वाटतं. याला हौस कारण आहे असं बाहेरच्यांना वाटतं. मला विचाराल तर कारण आहे शेवटची बस. कदंबच्या आणि खाजगी बसगाड्या दिवसा असतात. अंधार पडला की गावाकडच्या फेऱ्या विरळ होत जातात, आणि पणजीहून सहानंतर निघालेल्या बाईला फोंड्याच्या स्टँडवरून आत गावात कसं जायचं हा प्रश्न रोजचा. घरात कमावती माणसं जितकी, तितकी वाहनं. आमच्याकडे नवऱ्याची गाडी, माझी स्विफ्ट, आणि सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी. नवऱ्याची गाडी अंगणात आमच्या वहिवाटीच्या कोपऱ्यात उभी राहते, तिला कुणी हरकत घेत नाही. माझी गाडी आली तेव्हा धाकट्या काकांनी तुळशीपासून आपल्या पायरीपर्यंत एकदा नुसतं चालून दाखवलं. बोलले काहीच नाहीत.

तेव्हा आडवं वाढायला वाव नव्हता. उभं वाढायला मात्र कुणाची सही लागत नाही, निदान छपराच्या आत तरी. गॅरेज बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वहिवाटीतलं, हे सगळ्यांना मान्य.

अशा लिफ्टचे प्रकार मला आता झोपेतही सांगता येतील. मुंबई-पुण्याच्या इमारतींत खड्डा काढून एक गाडी जमिनीखाली उतरवतात. इथे तो विचारच नको. जांभ्यातून पाणी कसं पाझरतं हे ज्याने जूनमध्ये पाहिलंय त्याला माहीत आहे, खड्डा मे महिन्यात काढला तर जुलैत त्याची विहीर झालेली असते. दुसरा प्रकार दोन खांबांचा, सर्व्हिस सेंटरमध्ये असतो तसा. गाडी चार हातांवर उचलली जाते, चाकं लोंबकळतात. तो दुरुस्तीला उत्तम, पण सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी येतो, त्यामुळे जाड काँक्रीट आणि त्यात खोल ठोकलेले अँकर बोल्ट याला पर्याय नाही. तिसरा चार खांबांचा. दोन लांब पट्ट्या, गाडी त्यांच्यावर चढवायची, चाकांवरच उभी राहते. एका पट्टीच्या पोटात हायड्रॉलिक सिलिंडर असतो. तो पोलादी दोर ओढतो, दोर कप्प्यांवरून चारही खांबांत जातात आणि चारही कोपरे एकदम वर उठतात. घरगुती पार्किंगला हाच बरा. रोज गाडी ठेवायची तर तिने चाकांवरच उभं असावं, सस्पेन्शन महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवू नये.

गंमत अशी की लिफ्टवाल्यांच्या माहितीपत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते ती क्षमता: साडेतीन टन, चार टन. ती आम्हाला कधीच प्रश्न नव्हती. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. प्रश्न होता उंचीचा, आणि ती कुठल्याच पत्रकात नसते, कारण ती तुमच्या छपरात असते. हिशेब साधा आहे. खालच्या गाडीची उंची, तिच्यावर वितभर मोकळी जागा, मग पट्टीची जाडी, मग वरच्या गाडीची उंची, वर पुन्हा थोडी हवा. स्विफ्ट १५३० मिलिमीटर, पद्मिनी साधारण १४७०. सगळं धरून पावणेअकरा-अकरा फूट लागतात. आमची भिंत नऊ फुटांवर संपत होती.

इथे फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा पुतण्या कामी आला. त्याने भिंत मोजली नाही, आढं मोजलं. दुपाखी छपराला भिंतीपाशी नऊ फूट असले तरी मध्ये आढ्याखाली चौदा फूट मिळत होते, आणि गाडीचंही तसंच: बॉनेट आणि डिकी खाली, टप मध्ये उंच. पण आढं जातं गॅरेजच्या लांबीत, आणि गाडीही लांबीतच उभी. म्हणजे गाडीच्या दोन बाजूंचा प्रश्न होता. टपाच्या कडा पाखांना घासतील का, हे बघायला त्याने पुठ्ठ्याचा एक आडवा छेद कापला, खऱ्या मापाचा, शिडीवर चढून तो वाशांना लावून पाहिला. बाजूला सात इंच राहिले. मध्ये मात्र तुळई आडवी येत होती, जुन्या फणसाच्या लाकडाची, काळी कुळकुळीत. ती काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती नुसती काढली असती तर भिंती बाहेर कलल्या असत्या. कौलांचा भार भिंतींना बाहेर रेटत असतो. त्यांना एकमेकींना धरून ठेवणारी तीच. शेवटी फॅब्रिकेटरने लोखंडी चौकटी करून भार थेट जमिनीवर उतरवला आणि मग तुळई खाली आली. आढं होतं तिथेच ठेवलं. एक इंच जरी वर गेलं असतं तरी ती दुरुस्ती राहिली नसती, बांधकाम झालं असतं, आणि मग पंचायत, नगरनियोजन आणि काका, तिघांनाही विचारावं लागलं असतं.

तुळई आता आमच्या ओसरीवर बाक म्हणून आहे. सासूबाई तिच्यावर बसून शेंगा निवडतात.

जमिनीचं काम कंटाळवाणं, पण त्यात कसर करू नये. गोठ्याच्या जुन्या जमिनीला गोमूत्र वाहून जायला उतार दिलेला होता, आणि लिफ्टला हवी पाणसळीत सपाट जागा. जुनं उकरून, जाळी टाकून सहा इंच काँक्रीट घातलं. काँक्रीटची खरी ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात, पण लिफ्ट पुरवणारा माणूस आठव्या दिवशी टेम्पो घेऊन हजर. "मॅडम, सुकलंय की." त्याला चहा पाजून परत पाठवला. सुकणं वेगळं आणि मुरणं वेगळं, हे त्याला मेस्ताने, म्हणजे गवंड्याने, ऐकवलं, आणि मेस्ताचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

मग आली बोल्टांची गोष्ट, आणि मला विचाराल तर या सगळ्या उपद्व्यापात हीच सगळ्यात गोव्याची. चारखांबी पार्किंग लिफ्टच्या काही मॉडेलांना जमिनीत बोल्ट मारणं सक्तीचं नसतं. स्वतःच्या वजनावर आणि रुंद पायावर ती उभी राहते. आमची तशी निघाली, कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही बसवणारा पोरगा ड्रिल घेऊन तयार होता, दोन भोकं तर मारायची होती. काका दारात उभे. काका निवृत्त वकील. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बोल्ट मारलास की ती जमिनीक चिकटली. जमिनीक चिकटली की ती स्थावर. स्थावर झाली की सगळ्यांची." पोरगा झारखंडचा. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण ड्रिल त्याने खाली ठेवलं. मला अजून ठरवता आलेलं नाही की काका अडवत होते की वाचवत होते. बहुतेक दोन्ही. बोल्ट पिशवीतच राहिले. लिफ्ट जंगम राहिली. पाचशे-सहाशे किलोची जंगम वस्तू.

वापरायला ती सोपी आहे. बटण दाबलं की मोटर घुमते आणि खांबांतले खटके पायरी पायरी ओलांडताना टक, टक, टक असा आवाज होतो. हवी ती उंची आली की बटण सोडायचं आणि गाडी किंचित खाली बसू द्यायची, म्हणजे भार खटक्यांवर येतो. दोर आणि तेल मोकळे होतात. रात्रभर, महिनाभर वर असलेली गाडी तेलाच्या दाबावर ठेवायची नसते, खटक्यांवर ठेवायची असते. हे ज्याला समजलं त्याला लिफ्ट समजली. खाली आणताना उलट: आधी थोडं वर उचलायचं, खटके सुटले की कळ ओढायची, मग झडप उघडायची आणि गाडी आपल्याच वजनाने खाली येते. उतरायला मोटर लागत नाही.

पण त्या "आधी थोडं वर" याला लागते. इथे आषाढात वीज जाणं म्हणजे काही बातमी नसते. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे चालतात, सव्वादोन किलोवॅटची मोटर नाही. म्हणून आम्ही हातपंपाचं जोडकाम वेगळं मागवलं. त्या हातपंपाने गाडी सोडवताना घाम निघतो. तरी तो नसेल तर वरची गाडी वीज खात्याची.

बारीक गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पट्ट्यांच्या मध्ये पत्र्याचे ट्रे घालाच. जुनी गाडी थोडं तरी तेल गाळतेच, आणि ते थेट खालच्या गाडीच्या टपावर पडतं. खालच्या गाडीचं मागचं दार लिफ्टखाली पूर्ण उघडत नाही, वरच्या पट्टीला आपटतं. सामान आधी काढायचं, मग गाडी आत घालायची. चाकांना उटी, म्हणजे अडसर, लावल्याशिवाय वर न्यायचं नाही, हँडब्रेकवर भरवसा नको. दोरांना ग्रीस, आणि पावसाआधी टॉर्च घेऊन एकेक दोर बघायचा, तुटलेली तार कुठे काट्यासारखी वर आलीय का ते. नुसत्या रंगावर जाऊ नये. आपल्या हवेत वर्षाच्या आत खांबांच्या बुडाशी पापुद्रे सुटायला लागतात. जस्ताचा मुलामा असलेला माल महाग पडतो, पण तोच घ्यावा.

कोणती गाडी वर आणि कोणती खाली, हे मापाने ठरलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते अर्धसत्य. रोज निघणारी खाली, क्वचित निघणारी वर, हा लिफ्टचा नियमच आहे, कारण खालची बाहेर काढल्याशिवाय वरची उतरत नाही. म्हणजे कोण वर जाणार हे विचारणं म्हणजे आता कुणाचं बाहेर काय काम आहे, हे विचारणं. पद्मिनी बाबांनी ऐंशीच्या दशकात घेतली, गोवा अजून राज्य व्हायचं होतं तेव्हा. नंबर जीडीपासून सुरू होणारा. खाणीच्या कचेरीत हिशेब लिहून आले की सगळ्या वाड्याला फिरवायचे. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर त्यांच्या हाताला अजून सवयीचा आहे, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्री ते चालवत नाहीत, आणि दिवसा चालवायचं कारण उरलेलं नाही. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, त्याची फी २०२२मध्ये पाच हजार झाली तेव्हा नवरा म्हणाला, विकूया. बाबा म्हणाले, "भर."

वर जाणं तिला मानवलं, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. जमिनीच्या ओलीपासून दूर, उंदीर कमी. बॅटरीची एक तार काढून ठेवतो. पेट्रोलची टाकी मात्र फार भरत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.

बाबांना मानवलं का, ते वेगळं. पहिल्या पावसाळ्यात ते रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन वर बघायचे. खालून गाडी बघण्याची त्यांना सवय नव्हती; इतकी वर्षं ती चालवली, पण तिचं पोट पहिल्यांदाच निवांत पाहत होते. एकदा त्यांना सायलेन्सरला गंज दिसला, एकदा गिअरबॉक्सखालचा थेंब. यादी करायला लागले. आणि मग एका रविवारी, मी पोहे परतत असताना, "बाय, म्हजी गाडी सकयल काड गो." माझी स्विफ्ट बाहेर काढून अंगणात लावायची, मग पद्मिनी उतरवायची, मग बाबा तिला फोंड्यापर्यंत नेऊन आणणार, मग सगळं उलट. अर्धा तास जातो. तेवढा वेळ माझी गाडी तुळशीजवळ, वादग्रस्त जागेवर. काका बल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या बैठकीवरून, बघतात. बोलत काहीच नाहीत.

खंडेनवमीला लिफ्टचीही पूजा केली. झेंडूची माळ चार खांबांना फिरवली तर पुरेना, म्हणून सासूबाईंनी आंब्याचे टहाळे बांधले.

आणि चवथीला, अर्थातच, सगळे भागीदार आले. बेळगावची गाडी, मुंबईची गाडी, विमानतळावरून भाड्याने आणलेली गाडी. अंगणात तुळशीभोवती अशी कोंडी की भटजींची स्कूटर आत येईना. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली, आरती झाली, आणि जेवणं उरकल्यावर सगळी पुरुषमंडळी, आणि खरं तर आम्ही बायकाही, गॅरेजमध्ये. लिफ्ट दाखवण्याचा कार्यक्रम झाला. पोरांना वर बसून जायचं होतं. बाबांनी दम दिला. बोरीवलीच्या आतेच्या यजमानांनी किती पैसे लागले ते तीनदा विचारलं. मग गप्पा गाड्यांवरून अंगणाकडे वळल्या, आणि कधी नव्हे ते सगळे सह्यावाले एका जागी, सगळ्यांकडे वेळ, कुणीतरी म्हणालं देखील, की निदान गाड्या लावण्यापुरती तरी अंगणात आखणी करून टाकूया, कागद नंतर बघता येईल. क्षणभर मला वाटलं, झालं. आतेने मान हलवली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

काकांचं लक्ष मात्र छपराकडे होतं. त्यांनी पुतण्याकडून टेप मागून घेतला आणि आपल्या पडवीकडे गेले. परत येऊन म्हणाले, "आमच्या पडवीक बारा फूट आसात."

"काका, तुमची फॉर्च्युनर आहे," पुतण्या म्हणाला. "तीच सहा फूट. पट्टी आणि हवा धरली तर वर जेमतेम पाच फूट उरतात. दुसरी कुठली गाडी वर बसायची?"

काका टेप गुंडाळत राहिले. अंगणाचा विषय तोवर पातोळ्यांवर गेला होता.

"आनी गाडी बदल्ली जाल्यार?" त्यांनी विचारलं.